निम्मी टाकी

कचरू तिदमे म्हणतो, मिस्त्री, मिस मारती.
मी म्हणतो, नाही मारत.
वडाळा नाक्याला माझ्या दारात गाडी उभी,
इंजिन चालू, मडगार्डवर त्याचा चहा,
चहावर सारख्या अंतराने सुरकुत्या,
एकही गैरहजर नाही.
एक पाच तीन सहा दोन चार.
एक पाच तीन सहा दोन चार.

आधी सारडा सर्कलला नोझल बदलले.
मग आडगावला फीड पंप.
मग कुणी टॅपेट लावून दिले आणि वर म्हणाला,
काका, वय झालं की भास होतात.
गाडीचं वय की यांचं, ते सांगितलं नाही.
सत्तावीस हजार चारशे.
वहीत मांडलेत, पोरीच्या अक्षरात,
प्रत्येक रकमेपुढे तिनेच लिहिलंय: फरक नाही.
फरक नाही.
फरक नाही.

कुठं मारती?
कसारा चढताना, वाशीहून येताना.
नेहमी?
नेहमी मारली असती तर तुमच्यापर्यंत आलो असतो का?
एकदा पावट्या फाडायला पैसे नव्हते म्हणून नाही,
उगाच, शहापूरला टाकी फुल केली,
त्या दिवशी देवासारखी चढली.
हे त्याने जाता जाता सांगितलं,
सोबतच्या क्लीनरच्या लग्नाचं सांगावं तसं.

आणि मेलेला सिलिंडर कुठला?
घाटातच नट सैल करून पाहिले त्याने, बॅटरी तोंडात धरून.
एका खेपेला तिसरा.
पुढच्या खेपेला पाचवा.

इथे मी पाना खाली ठेवला.
नोझल गेलं असतं तर एकाच घरात गेलं असतं.
दुखणं घरं बदलत फिरतंय
म्हणजे ते घरात नाही,
वाटेत आहे.

कचरूभाऊ, डिझेल कुठं भरता?
विल्होळीला. खातं आहे तिथं.
परत आल्यावर?
नाशकात शिरताना, आधी टाकी, मग तुमच्याकडे.
म्हणजे गेले आठ महिने
तो आजारी गाडीला जेवू घालून
डॉक्टरांकडे आणत होता.

दोनशे लिटरच्या पिंपात निम्मं डिझेल काढलं.
गवंड्याची लेव्हलची नळी कापून
टाकी आणि पंपाच्या मध्ये बसवली, आरपार दिसणारी.
पांडवलेणीखालच्या चढावर गाडी लावली, तोंड वर करून.
रेस दे, म्हटलं.
आणखी दे.
नळीतून पिवळं डिझेल चाललेलं.
मग एक बुडबुडा.
मग तीन, खसखशीएवढे, एकमेकांना धरून,
आणि इंजिन अडखळलं,
पायरी चुकलेल्या माणसासारखं.

कचरू केबिनमधून उतरलाच नाही.
तिथूनच ओरडला, हाच! हाच तो!
जणू चोर ओळखायला बोलावलं होतं.

टाकीतली सक्शनची दांडी बाहेर ओढली.
मध्यावर, जिथे पट्टी घासत होती,
टाचणी जाईल न जाईल एवढं भोक.
डिझेल वर असलं की ते डिझेल प्यायचं,
खाली गेलं की हवा.
लपायला काही शिकलं नव्हतं ते.
आम्हीच भरल्या टाकीत पाहत होतो.

पितळेचा डाग दिला.
तीनशे रुपये.
सत्तावीस हजारांवर शिवी येईल म्हणून मी तयार होतो.
तो टायरवर बसला, दांडी मांडीवर घेऊन,
अंगठ्याने डाग चाचपत.
म्हणजे, मला येत होतं ते ऐकू
येत होतं.
येत होतं, मी म्हटलं.

परवा रात्री अडीचला फोन.
हॅलो म्हटलं तर पलीकडे माणूस नाही.
क्लीनरने फोन बॉनेटकडे धरला असावा.
दुसऱ्या गिअरची घरघर, वळणावरचा हॉर्न,
वारं.
बायको म्हणाली, कोण आहे?
थांब, म्हटलं,
आणि अंधारात बसून मोजत राहिलो,
एक पाच तीन सहा दोन